ओव्याची भाकर

फोन आला तेव्हा मी बाळापूरच्या मळ्यात झेंडू तोडत होतो. रिद्धपूरच्या आश्रमातल्या बाई म्हणाल्या, "तुमच्या बहीण गेल्या. काल माती दिली." नातलगांसाठी थांबायची तिथे रीत नाही. मी टोपली खाली ठेवली, आणि रडू यायच्या आधी राग आला.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बाविसाव्या वर्षी संन्यासाची दीक्षा घेऊन तिने काळी वस्त्रं नेसली. जाताना म्हणाली, "घरात मले खरं काय ते दिसत नाई, बापू. मोकळं झाल्याबिगर दिसनारबी नाई." मग भिक्षेवर जगायचं, आणि रक्ताच्या नात्यातलं काही घ्यायचं नाही, असा तिथला नेम. पण माय हट्टी. ती रिद्धपूरला गेली, एका अनोळखी बाईला गळ घातली, तिच्याच चुलीवर भाकर थापली आणि दाराआड लपली. ताईच्या झोळीत भाकर पडलेली तिने डोळ्यांनी पाहिली. घरी आली ती हरखूनच. पण लहानपणी ताईचं पोट दुखायचं, म्हणून माय भाकरीत ओवा घालायची. हाताच्या सवयीने तिने तो तिथेही घातला. तिथेच फसलं.

दुसऱ्या दिवसापासून ताईने ते दार सोडलं. त्या घरच्या बाईने हे मला सांगितलं, मी मायला नाही. माय दर महिन्याला ओवा घातलेलं पीठ बांधून द्यायची. मी ते त्या बाईकडे पोचवायचो आणि येऊन म्हणायचो, "घेते न माय, रोज घेते." असं चार वर्षं. एकदा ताईला रस्त्यात गाठलं. म्हटलं, "एक डाव तरी घे. मी मायले खोटं सांगून रायलो."

"तुह्यं खोटं तुह्यापाशी ठेव," ती म्हणाली, आणि चालायला लागली.

माय त्या खोट्यावरच सुखाने मेली. ताईला मी माफ केलं नाही... अजूनही पुरतं नाही.

परवा आश्रमात गेलो. बाईंनी तिची झोळी दाखवली, मग म्हणाल्या, "गुडघे गेले होते, तरी त्या गल्लीतून जात नव्हत्या. लांबून वळसा घालत. विचारलं तर म्हणत, त्या दारापुढे पाय अडतात." म्हणजे मोकळी व्हायला गेलेली माझी बहीण इतकी वर्षं रोज मायच्या भाकरीचं ते दार चुकवत होती. मला बरं वाटलं. बरं वाटल्याची लाजही वाटली.

काल बायकोने पीठ मळताना ओव्याचा डबा काढला. "टाकू का?" आमच्यात आता कोणाचं पोट दुखत नाही. मी म्हणालो, "टाक." पहिला घास तोंडात घेतला. ताईलाही पहिल्याच घासाला कळलं असणार. तो तिने गिळला की थुंकला, हे सांगणारं आता कोणी उरलं नाही.