देवीमायाच्या पावत्या

अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनच्या आमच्या भूतानी वस्तीत एखाद्या घरी पलंग नसेल, पण पावत्यांचा डबा असतोच. विजेची, बसची, औषधाची, पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या कुकरचीसुद्धा पावती. पाहुणे हसतात. हसू देत! ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

देवीमाया तिमसिनाच्या बापाचं सगळं एका पावतीपायी गेलं. भूतानात चिरांगला त्याची संत्र्याची बाग होती. एके वर्षी जनगणनेची माणसं आली आणि त्यांनी नागरिक असल्याचा पुरावा म्हणून अठ्ठावन्न सालची शेतसाऱ्याची पावती मागितली. म्हाताऱ्यानं सत्तावन्नची काढली. एकोणसाठचीही काढली. नेमकी अठ्ठावन्नची सापडेना. झालं! आजोबा-पणजोबांपासून तिथंच राबणारा माणूस एका दुपारीत परका ठरला. पुढं नेपाळात बेलडांगीच्या निर्वासित छावणीत, बांबूच्या झोपडीत अठरा वर्षं गेली. बा तिथंच वारला. जाताना लेकीच्या हाती पत्र्याचा डबा ठेवून म्हणाला, "माये, सरकारी कागद कधी फेकू नकोस."

तर अशी ही देवीमाया, पन्नाशीची होईपर्यंत कुठल्याच देशाची नसलेली.

अमेरिकेत आल्यावर सत्तेचाळिसाव्या वर्षी ती गाडी शिकली. परीक्षेत तीनदा आपटली. चौथ्यांदा पास झाली तेव्हा अख्ख्या गल्लीला गोड सेलरोटी तळून वाटली. मग एक जुनी व्हॅन घेतली आणि रोज सकाळी सहा बायकांना कपड्यांच्या गोदामावर पोचवायला लागली. चालवायची मात्र वाऱ्यासारखी. मागून बायका ओरडायच्या, "दिदी, हळू! आम्हाला कामावर जायचंय, स्वर्गात नाही!"

व्हायचं तेच झालं. शाळेसमोर वेगात गेली म्हणून पहिला दंड. स्टॉपच्या पाटीशी नुसती दबकून पुढं सटकली म्हणून दुसरा. अग्निशमनाच्या नळासमोर गाडी लावली म्हणून तिसरा. पहिल्या वेळी पोलिसानं कागद हातात दिला आणि ही बाई चक्क हरखली. तिचं पूर्ण नाव, घरचा पत्ता, गाडीचा नंबर, एक अक्षर चुकलं नव्हतं. घरी येऊन मुलाला म्हणाली, "बघ, सरकारनं लिहून दिलंय, देवीमाया तिमसिना इथं राहते." खगेंद्रनं कपाळावर हात मारून घेतला. तिन्ही दंड तिनं स्वतः कचेरीच्या खिडकीवर जाऊन भरले आणि पावत्या बाच्या डब्यात ठेवल्या.

नागरिकत्वाचा अर्ज वस्तीत सगळ्यांचे भरतात तसा तिचाही लेखनाथ सरांनीच भरला. सही करून अर्ज गेला. महिन्यानं तिनं खगेंद्रकडून त्याची प्रत वाचून घेतली, तर कायदा मोडल्याबद्दल कधी दंड झाला का, या प्रश्नापुढं सरांनी सरळ 'नाही' ठोकलेलं.

ती तडक त्यांच्या घरी गेली.

"दिदी, किरकोळ गोष्ट ती," सर म्हणाले. "सरकारपुढं आपणहून तोंड उघडू नये. एका कागदापायी आपण देशाला मुकलो, विसरलात?"

"विसरले नाही म्हणूनच आलेय, सर. त्यांनी माझ्या बापाला खोटं पाडलं. मी स्वतःला पाडून घेऊ?"

खगेंद्र वेगळ्याच काळजीत. "आई, आता 'हो' म्हणालीस तर आधी खोटं लिहिलं असं होईल. अर्ज फेटाळतील. परत पाच-सात महिने, परत सगळं पहिल्यापासून. गप्प बस ना!" तेही खोटं नव्हतं. नागरिकत्वाच्या परीक्षेचे शंभर प्रश्न तोंडपाठ करणाऱ्या देवीमायाची त्या आठवड्यात झोप उडाली.

मुलाखतीला खगेंद्रबरोबर क्लीव्हलंडला गेली ती डबा मांडीवर घेऊनच. अधिकारी होत्या व्हिटलॉकबाई, उंच, सावळ्या, चष्म्यातून रोखून बघणाऱ्या. इतिहासाचे प्रश्न झाले. मग दंडाचा तो प्रश्न आला.

"हो," ती म्हणाली. "तीन वेळा."

बाईंनी मान वर केली. "अर्जात 'नाही' आहे."

"अर्ज लेखनाथ सरांनी भरला. गाडी मी चालवली."

"दारू प्यायला होतात? कुणाला लागलं होतं?"

"छे! शिव शिव!"

बाईंनी लाल पेननं 'नाही' खोडून 'हो' केलं, बाजूला तिची सही घेतली आणि पान उलटलं. देवीमाया डब्याचं झाकण उघडून बसलेली.

"पावत्यांची गरज नाही," बाई म्हणाल्या. "एवढ्याशा दंडाला कागद लागत नाहीत."

गरज नाही? तिचा संताप झाला, आणि डोळेही भरले. एका कागदासाठी बाप आयुष्यभर झुरला, आणि इथं म्हणे लागत नाही! "बाई, बघा तरी," ती म्हणाली. "मी जपून ठेवल्यात."

बाईंनी घड्याळाकडं पाहिलं, पण मग एकेक पावती हातात घेऊन खरंच वाचली. खाली एक पिवळा, घडीवर फाटलेला कागद निघाला. "हा कसला दंड?"

"तो दंड नाही. बाच्या शेताचा सारा आहे. एका वर्षानं चुकला."

बाईंना काय कळलं कोण जाणे. त्यांनी तो कागद दोन्ही हातांनी परत दिला. "तुम्ही पास झालात," म्हणाल्या.

देवीमाया तरंगतच बाहेर आली. व्हॅनच्या काचेवर कागद फडफडत होता. पार्किंगच्या मीटरची वेळ संपली होती, म्हणून दंड. खगेंद्र नुसता तडतडला. ती मात्र पोट धरून हसली. "फोनवरून भरून टाकतो," तो म्हणाला. "आणि शिक्का कोण मारणार, तुझा फोन?" दंड तिनं खिडकीवरच भरला.

तीन आठवड्यांनी शपथविधी होता. दारात प्रत्येकाकडून एक कागद भरून घेत होते, मुलाखतीनंतर काही गुन्हा, काही दंड, अगदी वाहतुकीचासुद्धा? रांगेतले सगळे भराभर 'नाही' करत होते. खगेंद्रनं आईचा हात दाबला. तिनं तो झटकला आणि ठळक 'हो' केलं. मागं रांग खोळंबली. कारकुनानं पावतीवर नजर टाकली, हसला, "या आत," म्हणाला. ताठ मानेनं आत जाऊन तिनं हात वर केला आणि शपथ घेतली.

घरी आल्यावर तिनं डबा उघडला. तळाशी बाची सत्तावन्नची पावती होती. तिच्यावर नवं प्रमाणपत्र ठेवलं, त्यावर मीटरच्या दंडाची पावती.

"बा," ती म्हणाली, "या खेपेला साल बरोबर आहे."