आत्तीच्या कॅमेऱ्यातला अर्धा गोल

आत्तीच्या कॅमेऱ्यासमोर बसायला अख्खी मंगळवार पेठ भ्यायची. ती कुणालाच "हसा" म्हणायची नाही. कुणी उगाच दात काढले, की मागून ओरडायची, "पावणं, त्वांड मिटा! भ्यालाय न्हवं? मग भ्यालेलंच दिसू दे की!" मोबाइलच्या जमान्यातही तिच्याकडे रोलवर फोटो काढून घ्यायला लोक यायचे आणि बोलणी खाऊन जायचे. मी तिची भाची, जन्माची भित्री. मला ती भागूबाईच म्हणायची.

फोकस ती पापणीवर धरायची. "डोळा धारदार आला की माणूस आला. बाकी नुसती कापडं," हे तिचं ठरलेलं वाक्य. आणि एकाएकी पापण्या धूसर यायला लागल्या. आत्तीनं दोष दिला कॅमेऱ्यातल्या दुधी काचेला. त्या काचेवर चित्र उमटतं आणि फोकस लागलाय की नाही ते कळतं. "काच म्हातारी झालीया," म्हणाली. मी मुकाट्यानं दोन काचा मागवल्या. एक साधी, दुसरी मधोमध गोल असलेली. त्या गोलात चित्र दुभंगून दिसतं आणि फोकस लागला की वरचा-खालचा तुकडा जुळतो.

आत्तीनं गोलाची काच बसवली, खिडकीतून विजेच्या खांबावर कॅमेरा धरला आणि फिस्कारली, "वरचा अर्धा गोल काळा हाय! फसीवलं की गं तुला!"

कमी उजेड घेणारी लेन्स लावली की गोल असा काळा पडतो, हे मला ठाऊक होतं. पण लेन्स तिची नेहमीचीच होती, भरपूर उजेडाची. मी डोळा लावला. गोल वरखाली लख्ख. खांब सरळ जुळलेला.

"आत्ती, काच चांगली हाय," एवढंच कसंबसं बोलले.

तिनं डावा डोळा लावला, मग पुन्हा उजवा. "डाव्यानं गोल अख्खा दिसतोय," म्हणाली. "भागूबाई, दवाखान्यात तू आत येशील न्हवं?"

काचबिंदू निघाला. उजवा डोळा जवळजवळ गेलेलाच होता, डावा औषधाच्या थेंबांवर राखायचा होता. "हा घराण्यात चालतो, तुम्हीही तपासून घेत जा," डॉक्टर मला म्हणाले.

घरी येताच आत्तीनं साधी काच बसवली. "गोल नगं मला. त्यात बघाय भ्या वाटतंय," म्हणाली. मग डावा डोळा लावून कॅमेरा माझ्यावर रोखला. मी हसायला गेले.

"त्वांड मीट. भ्यालीयास तशीच बस. आपुन दोघीबी भ्यालोय."

त्या फोटोत माझी एकेक पापणी मोजून घ्यावी आणि डोळ्यांत नुसती भीती.

आत्ती गेली, पण शेवटपर्यंत डाव्या डोळ्यानं लोकांवर ओरडत राहिली. कॅमेरा आता माझ्याकडे आहे. त्यात मी गोलाची काच घातली आहे. डॉक्टरकडे जातेच, तरी दर रविवारी खिडकीत उभी राहते आणि खांबावर कॅमेरा धरते. वाटतं, राहू दे आज. तेवढ्यात मागून आत्ती खेकसते, "बघ की गं, भागूबाई!" मग मी उजवा डोळा लावते.