तीस रुपयांची ओळ

मी याद्या करते. किराण्याची, शेतीच्या कामांची, कुणाच्या लग्नात काय आहेर केला याची, गॅस सिलिंडर कोणत्या तारखेला लावलं याचीसुद्धा. साकोलीच्या एका शाळेच्या ऑफिसात मी कारकून आहे, घर एकोडीला आहे आणि घरची धानाची शेती आहे. यादी नसती तर हे सगळं एका बाईच्यानं झालं नसतं, असं मी लोकांना सांगते. लोक ऐकतात आणि आपापल्या सुनांना सांगतात. म्हणून पुढचं लिहायला जड जातंय.

तीन वर्षांपूर्वी मुलगी नागपूरला शिकायला गेली तेव्हा मी तिचीही यादी केली. खोलीभाडं, बसचा पास, मोबाइल, साबण-तेल, भाजी. तांदूळ घरचे. शेवटची ओळ होती: संध्याकाळचं खाणं, रोज तीस रुपये. तीसचा आकडा मी उगाच लिहिला नव्हता. कॉलेजनंतर ती स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जाणार होती आणि त्या क्लासच्या इमारतीखाली पिझ्झाचं एक छोटं दुकान होतं. काचेमागे परातीएवढा पिझ्झा, त्याचे कापलेले तुकडे, वर पाटी: स्लाइस ३०. तिला सोडायला गेलो त्या दिवशी आम्ही दोन घेतले. एक तिला, एक आम्हा नवराबायकोत अर्धा-अर्धा. दोन घास खाऊन मी ठरवलं, एवढ्यात पोरीचं भागतं.

हे म्हणाले, "दहा रुपये जास्त धर ना. पोरीले भूक लागते."

"भूक लागली त खोलीवर भात आहे," मी म्हणाले.

पहिल्या दिवाळीला ती घरी आली तेव्हा फराळाचे डबे भरता भरता म्हणाली, "आई, स्लाइस चाळीसचा झाला."

"मंग रोज खायची काय गरज आहे? एक दिवसाआड खा."

ती हसली. मीही हसले. पुढे एकदा पन्नास झाल्याचं फोनवर म्हणाली. मी म्हटलं, सगळंच महाग होऊन राहिलं. त्यानंतर तिनं भाव सांगितला नाही आणि मी विचारला नाही.

भाव वाढतात हे मला कळत नाही असं नाही. तेल, गॅस, खत, सगळ्यांचे आकडे मी वहीत खोडून नवे लिहिते. रोवणीच्या बायकांची मजुरी तर दरवर्षी वाढवते. त्या बांधावर उभ्या राहून तोंडावर सांगतात, "बाई, औंदा एवढ्यात नाही जमत. पलीकडचे जास्त देऊन राहिले." मी वाद न घालता आकडा बदलते, कारण नाही म्हटलं तर त्या पलीकडे जातील आणि माझे पऱ्हे, म्हणजे रोवायची रोपं, वाफ्यातच पिवळे पडतील. मुलीची ओळ मात्र तीसचीच राहिली. ती बांधावर उभी नव्हती.

दुसऱ्या वर्षी तिनं मागितले ते तांदूळ. "आई, महिन्याला आठ किलो नाही पुरत. थोडे जास्त पाठव."

आमच्या शेतातलं बाकीचं धान विकायचं असतं. तळ्याखालच्या एका बांधीत, छोट्या तुकड्यात, फक्त घरच्यासाठी चिन्नोर हा वासाचा तांदूळ लावतो. पिकतो कमी, पण शिजायला ठेवला की शेजारच्या घरी कळतं. तो भात पोरगी जास्त खाते याचं मला इतकं कौतुक वाटलं की मी आठाचे तेरा किलो केले आणि जावेला सांगितलं, "शहरात राहून घरचा भात खाते माही पोरगी. पिझ्झा-बिझ्झाचं वेड नाही."

जाऊ म्हणाली, "तुमच्या लिस्टची पोरगी आहे बाई ते. लिस्टमधी नसन त भूकही लागत नसन तिले."

मी ते कौतुक म्हणूनच घेतलं.

गेल्या हिवाळ्यात ऑफिसच्या कामासाठी नागपूरला जावं लागलं. काम लवकर आटोपलं. मुलीला न सांगता क्लासवर जावं, बरोबरच एकोडीला न्यावं, असं ठरवून मी त्या इमारतीखाली उभी राहिले. आणि मला चिन्नोरचा वास आला.

मैदा, चीज, सॉस यांच्या वासातून तो सरळ आला. काउंटरच्या मागे एका छोट्या गॅसवर पातेलं होतं, झाकण उडत होतं. खाली भिंतीशी टेकवून ठेवलेली थैली. थैलीचं तोंड अर्धं उसवलेलं, आणि त्यात लाल दोरा. गावातल्या कुणाच्या हाती तांदूळ पाठवताना अदलाबदल होऊ नये म्हणून तो लाल दोरा मी घालते, फुलीच्या टाक्यानं.

दुकानदार बाई माझ्याच वयाची होती. डोक्याला रुमाल, हाताला सॉस. समोर चार-पाच मुलंमुली कागदी प्लेट घेऊन खात उभी होती.

"हे तांदूळ कुठून आणले?" मी विचारलं.

"कोणते?"

"ते शिजून राहिले ते. अन् ते थैली. तो दोरा माह्या हातचा आहे."

तिनं थैलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचा चेहरा बदलला. मला वाटलं, चोरी सापडली. आता कळतं की तिनं मला ओळखलं होतं, मुलीचा तोंडवळा माझाच आहे.

"आत या ताई," ती म्हणाली. "बसा. सांगते."

"आत कायले? लोकायच्या समोरच सांगा. माह्या पोरीच्या खोलीतले तांदूळ चोरीले जाऊन तुमच्या दुकानात शिजून राहिले. कोण आणून देते तुम्हाले? का तुम्हीच पाठवता कोणाले?"

खाणारी मुलं थांबली. एकानं तोंडातला घासही चावला नाही. तेवढ्यात क्लासची मधली सुट्टी झाली आणि जिन्यावरून मुलं उतरायला लागली. त्यांत माझी मुलगी होती, तिच्या दोन्ही रूम-पार्टनर होत्या. मुलीच्या हातात स्टीलचा डबा होता.

"आई, हळू बोल ना."

"तुह्या खोलीतले तांदूळ चोरीले जाऊन राहिले, माहीत आहे का तुले?"

"चोरीले नाही जात. मीच देते." तिनं डबा काउंटरवर ठेवला. आत तांदूळ होते. "किलोला दोन स्लाइस."

मी पाटीकडे पाहिलं. स्लाइस ६०.

"आमच्या वर्धेकडे कापूस," दुकानदार बाई म्हणाली, माझ्याकडे न पाहता. "चिन्नोर पाहुण्यांपुरता. हिनं एकदा डब्यातला भात चाखाले दिला, तेव्हापासून घरचं कोणी दुसरा भात खात नाही. मोजून घेते अन् मोजून देते. वजनात पोरगी तुमच्यासारखीच पक्की आहे."

"मंग मले सांगितलं काहून नाही?" हे मी मुलीला विचारलं, आणि आवाज अजून खाली आला नव्हता.

"सांगितलं होतं. एक दिवसाआड खा, म्हणाली तू."

कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी गॅस बंद केला. थैलीत उरलेले तांदूळ होते, त्यात मुलीचा डबाही ओतला, तोंडाला गाठ मारली आणि थैली माझ्यापुढे ठेवली. "न्या. शिजले त्याचे किती द्यायचे, तेही सांगा."

इथं मी काहीही करू शकले असते. थैली परत सरकवायची होती. माफी मागायची होती. निदान एक स्लाइस विकत घ्यायचा होता. मी थैली उचलली.

मुलगी बरोबर आली नाही. क्लास आहे म्हणाली. मी एकटीच बसमध्ये बसले, थैली मांडीवर घेऊन. माझं माहेर सिहोऱ्याचं. लहानपणी धान चुरायच्या, मळणीच्या दिवसांत खळ्यावर एक सायकलवाला मुर्ऱ्याचे लाडू घेऊन यायचा. पैसे कुणाकडे असायचे? आम्ही पोरी फ्रॉकच्या ओच्यात धान भरून न्यायचो, तो मापानं मोजून घ्यायचा आणि लाडू द्यायचा. आईला विचारायचो नाही. आईनं कधी हटकलं नाही. उलट तो यायच्या वेळेला ती राशीकडे पाठ करून सुपात पाखडत बसायची. ही गोष्ट मी मुलीला हसत हसत कितीदा सांगितली आहे. त्या दुकानात उभी असताना मला ती आठवली नाही. वाटेतलं शहापूर मागे पडल्यावर आठवली.

घरी यांनी विचारलं, "तिकडले तांदूळ इकडे कसे आले?"

"जास्त झाले होते," मी म्हटलं. यांनी गाठ मारलेल्या थैलीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी तीस खोडून साठ केले आणि मुलीला फोनवर सांगितलं. ती "बरं" म्हणाली. मग म्हणाली, "तांदूळ आठच किलो पाठवत जा."

दोन महिन्यांनी मी पाच किलो चिन्नोर घेऊन पुन्हा नागपूरला गेले. काय बोलायचं ते बसमध्ये तिकिटाच्या मागे लिहून काढलं होतं, तीन मुद्दे.

"या," बाई म्हणाल्या. "आज कोणाले पकडाले आल्या?"

तीनपैकी पहिलाच मुद्दा तोंडातून निघाला. "माझं चुकलं."

त्या चीज किसत राहिल्या. "तेव्हा लोकायच्या समोर म्हणाल्या होत्या. आता दुकानात कोणी नाही."

मी थांबले. बाकड्यावर थैली मांडीवर घेऊन पाऊण तास बसले. मधली सुट्टी झाली, मुलं उतरली, काउंटरला गर्दी झाली. मी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मी या ताईंना चोर म्हटलं होतं. त्या चोर नाहीत. चूक माझी होती."

त्या दिवशी ऐकलेली मुलं त्यात होती की नाही, मला माहीत नाही. सगळी माझ्याकडे पाहत होती. एक मुलगा म्हणाला, "काकू, थोडं सरकता का? टोमॅटो सॉस घ्यायचा आहे."

मी सरकले.

बाईंनी थैली वजनकाट्यावर ठेवली. "पाच किलो. दहा स्लाइस."

पाटीवर आता सत्तर होते. मी ते दाखवलं. "दहा नाही होत. भाव वाढला ना."

"तांदळाचा नाही वाढला का? किलोला दोन ठरलं, ते ठरलं." मग दोन स्लाइस कागदात गुंडाळताना त्या म्हणाल्या, "पोरगी नाही येत आता. त्या दिवसापासून समोरूनही जात नाही. मागच्या दारानं क्लासले चढते."

मी ते दोन स्लाइस घेऊन तिच्या खोलीवर गेले. ती उशिरा आली, टेबलावरचा कागद पाहिला, बसली आणि एक खाल्ला. गार होऊन चीज घट्ट झालं होतं.

"कितीचा झाला?" तिनं विचारलं.

"सत्तर."

"मी खायची तेव्हा साठ होता."

"अन् आता सुट्टीत काय खाते?"

"काही नाही. सवय झाली."

म्हणजे वाढवलेले पैसे तिनं खर्च केले नव्हते. दुसरा स्लाइस तिनं माझ्याकडे सरकवला. मी तो पूर्ण खाल्ला, कडेचा कडक भागसुद्धा.

उरलेले आठ स्लाइस तिच्या नावानं त्या दुकानात आहेत. बाई विसरणार नाहीत. दर महिन्याला पैसे पाठवायच्या आधी मी मुलीला फोन करते आणि विचारते, स्लाइस कितीचा झाला. यादीतल्या शेवटच्या ओळीत मी पेन्सिलीनं लिहायला लागले आहे.

परवाही विचारलं.

"माहीत नाही, आई," ती म्हणाली. "मी तिकडून जात नाही."