आत्याचा अंगठा

फोन आला तेव्हा मी इतवारीच्या बाजारात प्रेशर कुकर घेत होतो. घाबरट माणूस वाईट बातमीची तालीम आधीच इतक्यांदा करून ठेवतो, की खरी बातमी आल्यावर त्याला काही सुचतच नाही. "शकूआत्या गेली," बायको म्हणाली. मी "हो" म्हटलं आणि दुकानदाराला विचारलं, याची गॅरंटी किती...

आत्या मेडिकल कॉलेजात ग्रंथपाल होती. वॉर्डातून निवासी डॉक्टर धावत यायचे, "मॅडम, हे औषध चांगलं आहे का?" ती एकेक बोट उघडायची. कोणाले? काय द्यायचं? त्याच्याऐवजी काय? अन् त्यानं होईन काय? चारही उत्तरं मिळाली की मगच त्यांच्यासोबत शोधनिबंध धुंडाळायला बसायची. "प्रश्न अर्धा राहिला त पेशंटले भोवते," म्हणायची. साध्या सर्दीत मोबाइलवर तीन जीवघेणे आजार वाचून तिच्याकडे गेलेला मी पहिल्याच बोटाला गारद व्हायचो.

यंदा तिच्याच हृदयाची झडप आकसली. किडन्याही थकलेल्या. "ऑपरेशन करून टाका, डॉक्टर," मी म्हटलं. आत्यानं दवाखान्याच्या पलंगावरूनच बोटं उघडली. "किडनी थकलेल्या म्हातारीले. झडप बदलली त. नाहीतर गोळ्यांवर ठेवली त. घरात हिंडती-फिरती राहीन का?"

डॉक्टर कधीकाळी तिच्याच टेबलाशी बसून शिकलेले. "लायब्ररीतून शोधनिबंध काढवून घेतो, मॅडम."

दुसऱ्या दिवशी ते कागद घेऊन आले. "ऑपरेशननं आयुष्य वाढू शकतं. पण डायलिसिस मागे लागायची भीती आहे. आणि या अभ्यासांत तुमच्यासारखे पेशंट फारच थोडे आहेत. खात्रीनं नाही सांगता येत."

एवढी पुस्तकं, अन् खात्री नाही! आत्यानं मला अंगठा दाखवला.

"ठेंगा काहून दाखवून राहिली वं आत्या?"

"ठेंगा नोहे गा, बापू. चार बोटं पुस्तकातली. हा पेशंटचा. मले घरी जायचं आहे."

"अन् काही झालं म्हणजे?"

"होईनच. तू काहून आतापासून मरून राहिला?"

ती घरी आली. गॅलरीत बसून चहा प्यायची. तिच्या प्रत्येक खोकल्याला मी चपला घालून तयार. अन् शेवटी ती गेली, तेव्हा मी कुकर पाहत होतो.

परवा माझा ईसीजी बघून डॉक्टर नुसतं "हं" म्हणाले. मी टेबलाखाली बोटं उघडली. कोणाला, काय, त्याऐवजी काय, होईल काय... चारही प्रश्न विचारले. त्यांनी नीट उत्तरं दिली, आणि मग म्हणाले, "आता तुम्ही सांगा, तुम्हाला काय हवंय?"

अंगठा काही उघडेना.