आई मूर्तीच्या मागे जाते

मी अथेन्सला निघाले हे कळल्यावर सुरतेतल्या आमच्या लिंबायतच्या गल्लीत बायकांनी ते गाव दुबईच्या अलीकडे की पलीकडे यावर बराच खल केला. मी साड्यांची डिझाइनं काढते. कापडाच्या प्रदर्शनासाठी जायचं होतं. आईलाही नेऊ म्हटलं, तर तिने साफ नकार दिला. चारचौघांत माझ्यामुळे तुझी मान खाली जाईल, हे तिचं एकच पालुपद. मी चिडले. चिडले, कारण तीच धास्ती माझ्या पोटातही होती. खूप विनवण्या केल्यावर ती आली, साडीवर माझा स्वेटर चढवून.

प्रदर्शन संपल्यावर तिला तिथल्या पुराणवस्तूंच्या मोठ्या संग्रहालयात नेलं. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संगमरवरी मूर्ती! मी रात्रभर वाचून गेले होते. पण आई ऐकायलाच तयार नाही. दालनात शिरली की ती थेट मूर्तीच्या मागे जायची. लोक समोरून फोटो काढायचे आणि देवाच्या खांद्यामागून आईचा अंबाडा डोकावायचा. एका गृहस्थाने तर तीनदा कॅमेरा खाली घेतला. माझे कान तापले. समोरून बघ ना, असं मी दबक्या आवाजात सांगितलं. तिने मान डोलावली आणि पुन्हा मागे गेली.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आईने घरी बसून वीस वर्षं साड्यांचे धागे कापले आहेत. मशीनवर भरलेल्या साडीच्या उलट्या बाजूला धागे लोंबत असतात, ते कात्रीने साफ करायचे. त्यामुळे साडी हातात आली की ती आधी उलटी करते. लग्नात आहेर आलेली सुद्धा, देणारीच्या तोंडावर.

एक देवी भिंतीजवळ होती, पुढे दोरी बांधलेली. आई वाकून दोरीखालून जायला लागली आणि पहारेकरीण आली. आईच्याच वयाची, अंगाने भक्कम. मी इंग्रजीत माफी मागत सुटले. आईने मात्र शांतपणे आपला पदर उलटा केला, त्यावर बोट फिरवलं आणि मूर्तीच्या पाठीकडे दाखवलं. ती बाई पदराची उलटी बाजू वाकून बघू लागली. मग हसली, तिने आम्हाला दोरीबाहेरूनच कडेला नेलं आणि मोबाइलची बॅटरी लावली. भिंतीकडच्या अंगालाही वस्त्राच्या चुण्या पार घोट्यापर्यंत कोरलेल्या होत्या.

"आठे कोन देखणार व्हतं?" आई म्हणाली. "तरीबी करेल शे." कुणी बघणार नसतानाही पाठ नीट केलेली होती, एवढं तिला पुरे होतं.

पुढचा तास मजेत गेला. आई एकेक मूर्ती पास-नापास करत होती. एका धिप्पाड वीराच्या पाठीत घाई केलीय म्हणून तिने नाक मुरडलं. मला तिचा इतका अभिमान वाटत होता की मीच लोकांना बाजूला करून तिला मागे जायला वाट काढून देत होते.

बाहेर बाकावर बसून आम्ही सुरतेहून आणलेले ठेपले खाल्ले. आईने चपला काढून पाय उन्हात पसरले होते. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तुले मनी लाज वाटनी का?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. सुरुवातीला तुझी लाज वाटली, असं मी सांगितलं.

"माले ठाऊक व्हतं," ती म्हणाली आणि दुसरा ठेपला उलगडला. घरून निघतानाच तिला ठाऊक होतं. तरीही ती माझ्यासोबत आली होती.