गुडमारचं पान

शिरपूरला फार्मसीचं पुढचं शिक्षण घेत होते तेव्हा माझा विषय होता गुडमार. सातपुड्यातल्या या वेलीचा पाला लोक मधुमेहावर देतात. तो खरंच काही करतो का, हे मी तपासत होते. एक अर्क पाण्यातला, एक अल्कोहोलमधला. काचेच्या नळीत दोन्ही शहाण्यासारखे वागायचे. माणसावर प्रयोगाची परवानगी मात्र नव्हती, आणि तेच मला खुपायचं.

माणूस तर घरातच होता. माझे वडील, आबा. साखर वाढलेली, पायाच्या अंगठ्याला चिघळलेली जखम. साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी आबांचं गोड सुटेना. मी रागावून पाहिलं, रडून पाहिलं. मग डोक्यात किडा वळवळला. गुडमारचं पान चावलं की बराच वेळ जिभेला गोड कळतच नाही.

भडगावला चुलत भावाचं लग्न होतं. पंगतीआधी मी आबांना पान दिलं आणि तोंडाला चव येते म्हणून थाप मारली. वरण-बट्टी झाली, जिलबी आली. आबांनी घास घेतला आणि चेहरा असा केला, की मी ओढणी तोंडात कोंबली.

"माती शे का काय ही?"

"आबा, ही माझी वेल. तुमच्यावर प्रयोग चाललाय माझा," मी मोठ्या ऐटीत सांगितलं आणि बायकांच्या पंगतीत जाऊन बसले. आता जिलबीला हात लावतील कशाला! स्वतःवर इतकी खूश मी क्वचितच झाले असेन.

संध्याकाळी घरी येऊन त्यांचं बोट टोचलं. यंत्रावरचा आकडा नेहमीच्या दुप्पट होता. मी दुसरं बोट टोचून पाहिलं, तरी तेच.

"आबा, किती जिलब्या खाल्ल्या?"

"अकरा."

"अकरा!"

"वरडस काय? गोड लागनं नही, मंग साखर कोठे शे त्यामा?"

मला हसू आलं आणि लगेच स्वतःचाच भयंकर राग आला. तेवढ्यात आबाच मला समजावू लागले.

"आनि तुना प्रयोग शे ना? एक जिलबीवर कोन भरोसा ठेवी? तू पास व्हवाले पाहिजे, म्हनीसन खाद्यात. अकराच्या अकरा मातीनागत लागन्यात."

मी त्यांच्या पायाशी बसून अंगठ्याची पट्टी सोडायला लागले. गाठ सुटेना.

वरून आबा विचारत होते, "पास व्हशी ना, माय?"