बुडालेल्या जहाजाची दुरुस्ती

माझ्या आठवणीवर माझाच फारसा विश्वास नाही. शिकवण्याच्या नोकरीत किस्से आपोआप साठत जातात आणि सांगता सांगता गुळगुळीत होतात. माझ्या गावी, नागपूरपलीकडच्या सौंसरला, लग्नात, दवाखान्याच्या बाकावर, बँकेच्या रांगेत मी हे किस्से इतक्यांदा सांगितले आहेत, की त्यात मूळ किती आणि भर किती, हे आता मलाच सांगता यायचं नाही. शेवटचा मात्र अजून कुणाला सांगितलेला नाही.

आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात मी पीएच.डी. केली आणि समुद्रकाठच्या एका नौदल कॉलेजात आठ वर्षं शिकवलं. कायमच्या शिक्षकांत वर्दी नसलेला मी एकटाच. तिथं चाळिशीला आलेले अधिकारी वर्षभरासाठी येत. जहाज चालवणं त्यांना येतच होतं. तिथं शिकायचं ते युद्धाचा आणि परराष्ट्र धोरणाचा विचार करायला. वर्षअखेर आमचे शेरे वर जात आणि त्यावरून ठरे, कुणाला जहाजाची कमांड, कुणाला परदेशी दूतावासात नौदलाचा प्रतिनिधी म्हणून नेमणूक आणि कुणाला यातलं काहीच नाही. या तिसऱ्या प्रकारच्या लोकांशी सगळे फार आदरानं बोलत.

*

एका वर्षी कमांडर गजभिये आला. पहिल्या दिवशी ओळख करून देताना म्हणाला, "मी पांढुर्ण्याचा."

एका दाक्षिणात्य कॅप्टननं विचारलं, "हे कुठलं बंदर?"

"बंदर नाही सर, रेल्वे स्टेशन आहे. सगळ्या गाड्या थांबत नाहीत."

तास संपल्यावर त्यानं मला व्हरांड्यात गाठलं. "सर, तुमी सौंसरचे म्हणे? माही मावशी तेथंच राह्यते न!"

मी इंग्रजीत म्हणालो, "वेलकम टु द कोर्स, कमांडर."

आजूबाजूला लोक होते, हे माझं कारण. तेव्हा ते मला पुरेसं वाटलं होतं.

*

त्याचे वडील नगरपालिकेत होते. मोहल्ल्या-मोहल्ल्यात पाण्याचे वॉल्व उघडायचे आणि बंद करायचे, हे त्यांचं काम. कुटुंबांना कॉलेज दाखवायच्या दिवशी ते धुतलेला पांढरा सदरा घालून आले. मी त्यांना समुद्राच्या कठड्यापाशी नेलं. ते कठड्यावरून वाकून पाणी बघत राहिले. मग मला हळूच विचारलं, "साहेब, याचा वॉल्व कोनापाशी राह्यते?"

गजभिये हसला नाही. "बाबा, तेच तर शिकून राह्यलो इथं," म्हणाला.

नंतर मला एकट्याला म्हणाला, "सर, दूतावासाची पोस्टिंग भेटली तर बाबाले एकदा विमानानं नेतो. त्यायनं नागपूरच्या पुढं आजच पाह्यलं."

त्यासाठी त्यानं फ्रेंच शिकायला घेतलं होतं. मैदानाला फेऱ्या मारताना क्रियापदं पुटपुटायचा. ते वर्ष त्याच्यासाठी कशाचं होतं, हे मला पक्कं माहीत होतं. पुढचं सांगताना हे नाकारता येत नाही.

*

राजनैतिक मेजवानीत कसं जेवायचं, हे शिकवायला परराष्ट्र सेवेतल्या एक निवृत्त बाई येत. एकदा त्यांनी फळं ठेवली आणि काट्या-सुरीनं खायला सांगितलं. गजभियेसमोर संत्रं आलं. त्याची आई हंगामात संत्री निवडायला जायची. तो स्वतः त्या ढिगांवर वाढलेला.

त्यानं सुरी बाजूला ठेवली, अंगठ्यानं साल सोलली आणि फोडी उजवीकडे-डावीकडे आणि बाईंनाही वाटून टाकल्या.

बाई म्हणाल्या, "कमांडर, राजदूतांच्या टेबलावर असं कराल?"

"मॅडम, आमच्याकडं संत्रं एकट्यानं खात नाहीत."

बाईंनी आपल्या वाट्याची फोड खाल्ली आणि त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.

*

वाटाघाटींच्या तासाला प्रत्येकानं आपल्याकडचं एक उदाहरण द्यायचं होतं. गजभियेनं गोटमार सांगितली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि पलीकडचं सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवर उभं राहतं, मधे पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा, आणि त्या झेंड्यासाठी दिवसभर दगडफेक.

एका परदेशी अधिकाऱ्यानं विचारलं, "आणि कुणालाच मिळाला नाही तर?"

"संध्याकाळी दोन्हीकडचे मिळून झेंडा देवीला देतात."

"मग सकाळीच का नाही देत?"

"सकाळी कोणी ऐकत नाही, सर."

वर्ग हसला. मी हा किस्सा पुढं प्रत्येक तुकडीला सांगितला. बरेचदा त्याचं नाव न घेता.

*

वर्षअखेरीस मोठा युद्ध-खेळ असे. एक बाजू आपली, एक शत्रूची. जहाजं नकाशावर, हल्ले कागदावर. कुठलं जहाज बुडालं आणि कुठलं वाचलं, हे पंच ठरवत. आम्ही तीन पंच होतो. दोघे वर्दीतले, तिसरा मी.

गजभिये शत्रूच्या बाजूला होता. आपल्या नौका त्यानं नकाशावरच्या मासेमारी बोटींमध्ये लपवल्या आणि पहिल्याच दिवशी जेवायच्या आधी समोरचं सगळ्यात मोठं जहाज बुडवलं. दुसऱ्या दिवशी बडे पाहुणे खेळ बघायला यायचे होते.

कॉलेजचे प्रमुख आमच्या टेबलाशी आले. "उद्या पाहुण्यांना काय दाखवायचं? रिकामा समुद्र?"

वर्दीतल्या दोघांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी लिहिलं, "जहाज दुरुस्त. सहा तासांत पुन्हा कार्यरत." खाली सही केली.

गजभिये माझा तो कागद घेऊन आला. सगळ्यांदेखत, पण आपल्या बोलीत म्हणाला, "सर, जहाज बुडलं होतं न?"

"दुरुस्त झालं."

"तळाशी कोनतं वर्कशॉप हाय, सर?"

त्या सभागृहात हे मला एकट्यालाच कळलं. त्यानं सॅल्यूट केला आणि जागेवर जाऊन बसला. पाहुण्यांसमोर तो हरला.

*

खेळ संपल्यावर चोवीस तासांत पंचाविरुद्ध आक्षेप घेता येई. त्यासाठी कचेरीत एक रजिस्टर होतं. दुसऱ्या दिवशी प्रमुख जिन्यात भेटले. "तुमच्या गाववाल्यानं तुमच्याविरुद्ध लिहिलंय म्हणे."

कचेरी माझ्या खोलीपासून दोन दारं सोडून होती. मी गेलो नाही. एकाच भागातले आम्ही दोघं. रजिस्टर बघायला गेलो तर लोक काय म्हणतील, असं वाटलं. की खरंच लिहिलं असेल, याची भीती वाटली? आता नक्की सांगता येत नाही.

त्या आठवड्यात मी त्याचा शेरा लिहिला. "अत्यंत हुशार. मात्र पंचाचा निर्णय स्वीकारणं जड जातं. दूतावासातल्या कामासाठी स्वभाव अनुकूल नाही."

नेमणूक दुसऱ्याला मिळाली. नंतर गजभियेशी सगळे फार आदरानं बोलू लागले.

*

निवृत्तीनंतर मी सौंसरला परतलो. गजभियेनं मुदतीआधीच नोकरी सोडली होती आणि पांढुर्ण्यात फौजेत जाऊ पाहणाऱ्या मुला-मुलींचे क्लास काढले होते. बसनं तासाभराचा रस्ता. मी कधी गेलो नाही. मोहगावच्या एका लग्नात पंगतीत तोच माझ्या शेजारी येऊन बसला.

"सर, बारीक झाले तुमी."

"वय झालं. बाबा कसे आहेत?"

"गेले न, सर. दोन वर्सं झाली." त्यानं वाढप्याला थांबवून माझ्या पानात जिलेबी घालायला लावली. "पोरं मले विचारत राह्यते, 'साहेब, तुमी परदेशी काऊन नाही गेले?' मी सांगतो, म्या बुडवलेलं जहाज वर आलं, आन मी खाली गेलो."

तो मनापासून हसला. मला विचारायचं होतं, तू ते रजिस्टरात का लिहिलंस? त्याऐवजी मी विचारलं, "फ्रेंच आठवते का अजून?"

"थोडी थोडी. घरच्या गाईसंग बोलतो. थे काई आक्षेप घेत नाही."

मी जिलेबी अर्धी टाकून उठलो. पोट बरं नाही, असं यजमानांना सांगितलं.

*

गेल्या हिवाळ्यात मी धीर करून कॉलेजच्या कचेरीत फोन लावला. माझ्या वेळी तिथं नवा लागलेला कारकून आता मोठा बाबू आहे. दोन दिवसांची मुदत मागून त्यानं जुनं रजिस्टर शोधलं आणि स्वतः फोन केला. त्या वर्षीच्या खेळावरच्या आक्षेपांसाठी आखून ठेवलेली चारही पानं कोरी आहेत.